पापणीच्या मुळाशी

बेळगाव-निपाणी हे शब्द कानावर पडले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. महाजन आयोगाचा १९६७ सालचा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, दर वर्षी १ नोव्हेंबरला पाळला जाणारा काळा दिवस, हा सारा इतिहास त्याला मुखोद्गत असतो. त्या प्रश्नाचे महत्त्व आम्ही यत्किंचितही कमी लेखत नाही. परंतु एखाद्या मुलखाविषयीची आस्था नकाशावरील रेषेपाशीच थांबली, तर त्या मुलखातला माणूस आस्थेच्या बाहेर राहतो. तो आजारी पडतो तेव्हा त्याच्यावर उपचार कोठे होतात, कोणत्या भाषेत होतात आणि ते पुरे होतात की अर्ध्यावर सुटतात, याचीही चौकशी आपण केली पाहिजे. म्हणून आज आम्ही एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या दुखण्याविषयी लिहीत आहोत. पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणाऱ्या एका सूक्ष्म किड्यामुळे पापणीची कड सुजते, लाल होते, खाजते आणि महिनोन्‌महिने बरी होत नाही. अग्रलेखाच्या स्तंभात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच आमची विनंती आहे.

या किड्याचे शास्त्रीय नाव डेमोडेक्स. तो खऱ्या अर्थाने कीटक नव्हे; आठ पायांचा हा जीव कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला आहे. मनुष्याच्या अंगावर त्याच्या दोन जाती राहतात. एक लांबट, मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी. ती केसाच्या मुळाशी डोके खाली घालून बसते. दुसरी तिच्या निम्म्याने आखूड. ती पापणीच्या तैलग्रंथींत शिरते. हेन्ले आणि सिमॉन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८४१ व १८४२ साली या जीवाची नोंद केली आणि १८४३ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यास आजचे नाव दिले. म्हणजे शास्त्राला याची ओळख पटून १८० वर्षे उलटून गेली. तरीही तो रोगाचे कारण आहे की अंगावरचा निरुपद्रवी पाहुणा आहे, हा वाद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू होता. त्या वादाला आधारही होता. वय वाढते तसा हा किडा बहुतेकांच्या अंगावर येतो. सत्तरी ओलांडलेल्यांपैकी बहुतेक सर्वांच्या पापण्यांत तो सापडतो आणि त्यांतील पुष्कळांना काहीही त्रास होत नाही. त्याची संख्या मर्यादेबाहेर गेली, किंवा त्याच्या अंगावरील जंतूंना व त्याच्या मृत शरीरांना पापणीची कातडी सोसेनाशी झाली, म्हणजे मात्र दुखणे सुरू होते.

या दुखण्याची लक्षणे कोणालाही ओळखीची वाटावीत अशी आहेत. सकाळी उठताना पापण्या चिकटलेल्या असतात, कडेला चिपडे साचतात, दिवसभर डोळ्यांत काहीतरी खुपत राहते, पापणीच्या मुळाशी खाज सुटते. केस गळतात किंवा वाकडे होऊन बुबुळाला टोचू लागतात. वारंवार रांजणवाडी येते. तैलग्रंथी बुजल्या की अश्रूंवरील तेलाचा पातळ थर नाहीसा होतो आणि डोळे कोरडे पडून जळजळतात. यांतील एकही लक्षण असे नाही की जे अन्य चार कारणांनी होत नाही. या किड्याची खरी खूण एकच. पापणीच्या केसाच्या बुडाशी, त्याला वेढून बसलेला, नळीच्या आकाराचा मेणचट पांढरा कोंडा. अमेरिकेतील मायामी येथील संशोधकांनी २००५ साली या कोंड्याचा आणि किड्याचा संबंध स्पष्ट करून दाखविला. हा कोंडा वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी अधिक असतो. रोगी समोर पाहत असताना तो नीट दिसत नाही. त्याला खाली पाहावयास सांगितले, तर स्लिट लॅम्पच्या प्रकाशात तत्काळ दिसतो. एवढी साधी ही परीक्षा आहे. तिला फारसा खर्च नाही, वेळ एक मिनिटाचा. ती होत नाही, कारण ती करावयाची असते याची आठवणच गर्दीच्या दवाखान्यात राहत नाही.

आता निपाणीकडे वळू. या गावाची ओळख तंबाखूने घडविली आहे. उसाने आणि इतर पिकांनी आज तंबाखूची बरीच जागा घेतली असली, तरी विडीच्या तंबाखूची बाजारपेठ म्हणून निपाणीचे नाव अजून घेतले जाते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथेच महामार्ग रोखून धरला होता आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले होते. त्याच सुमारास वखारींतून तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या व निवडणाऱ्या स्त्रियांनी प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने आपली संघटना उभारली. अनिल अवचट यांनी या स्त्रियांच्या हालअपेष्टा मराठी वाचकांपुढे मांडल्या. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. त्या लढ्याने मजुरीचा, कामाच्या तासांचा आणि वखारीतील वागणुकीचा प्रश्न ऐरणीवर आणला. धुळीचा प्रश्न मात्र मागे राहिला. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते तशी ती डोळ्यांतही जाते. जळजळ, पाणी गळणे, लाली या तक्रारी तंबाखू व विडी कामगारांच्या बाबतीत देशभर पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत.

आणि नेमके येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. जेथे एक उघड कारण डोळ्यांसमोर असते, तेथे दुसरे छुपे कारण शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. वखारीतून आलेल्या बाईचा डोळा लाल दिसला की वैद्य म्हणतो, धुळीने झाले. बाईही तेच म्हणते. मालकाला तर ते सोयीचेच असते, कारण धूळ हा त्या धंद्याचा धर्म आहे असे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असते. धुळीने डोळे येतात यात शंका नाही. पण सुटीच्या दिवसांत, काम बंद असतानाही जो डोळा शांत होत नाही, ज्याची खाज सकाळी उठल्याबरोबर पापणीच्या कडेला जाणवते, ज्याला वर्षातून चार वेळा रांजणवाडी येते, त्या डोळ्याची सारी हकीकत धुळीने उलगडत नाही. धूळ आणि किडा ही दोन कारणे एकाच पापणीवर नांदू शकतात. एकावर बोट ठेवून दुसऱ्याकडे डोळेझाक करणे म्हणजे रोग्याच्या डोळ्यांत आणखी थोडी धूळ फेकणे होय.

चुकलेल्या निदानाची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासारखे आहे. डोळा लाल झाला की पहिला मार्ग औषधाच्या दुकानाचा. दुकानदार थेंबांची बाटली देतो. पुष्कळदा तिच्यात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. कायद्याने अशी औषधे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. व्यवहारात ती कशी विकली जातात हे कोणत्याही गावच्या रहिवाशाला ठाऊक आहे. या थेंबांनी दोन दिवसांत लाली ओसरते आणि औषध लागू पडले असा समज होतो. वास्तविक किडा जेथल्या तेथेच असतो. उलट कातडीची प्रतिकारशक्ती दबल्याने त्याला मोकळे रान मिळते. बाटली संपली की त्रास पुन्हा उफाळतो आणि पुन्हा तीच बाटली येते. असे महिनोन्‌महिने चालले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू अकाली येऊ शकतो. पापणीच्या खाजेने दृष्टी जात नाही हे खरे. खाजेवर चुकीने घातलेल्या औषधाने ती जाऊ शकते. क्षुल्लक रोगाचे क्षुल्लकपण येथे संपते.

मग योग्य उपचार कोणता? या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही, आणि ते सरळ नाही हेच वाचकांनी समजून घेतले पाहिजे. पायाभूत उपचार घरगुतीच आहे. स्वच्छ सुती फडके कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे शेक द्यावयाचा, म्हणजे ग्रंथींत गोठलेले तेल पातळ होते. मग पापणीची कड हलक्या हाताने पुसून काढावयाची. लहान मुलांच्या शांपूचे पातळ पाणी यासाठी अनेक वर्षे सांगितले जाते. त्याने कोंडा निघतो, पण किडा मरत नाही. ऑस्ट्रेलियातील टी-ट्री नावाच्या, निलगिरीच्याच कुळातील झाडाच्या पानांच्या तेलाने तो मरतो, असे मायामीच्या संशोधकांनी पुढे दाखविले. त्या तेलातील टर्पिनेन-फोर-ऑल हे द्रव्य त्यासाठी विशेष प्रभावी असल्याचे २०१३ साली सिद्ध झाले. तथापि हे तेल निर्भेळ स्वरूपात डोळ्याजवळ नेणे घातक आहे, बुबुळ होरपळते. सौम्य प्रमाणातही ते कित्येकांना चुरचुरते. शिवाय या तेलावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली घेतला, तेव्हा त्याच्या गुणाविषयी ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असेच तिला म्हणावे लागले. 'नैसर्गिक' या एका शब्दावर भाळून बाटल्या विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

किड्यावरच नेमका घाव घालणारे औषध अलीकडे निघाले आहे. कुत्र्यांच्या अंगावरील पिसवा आणि गोचिडी मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लोटिलेनर या द्रव्याचे थेंब अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये मान्य केले. केवळ याच रोगासाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध. दिवसातून दोनदा, सहा आठवडे ते घालावयाचे असते. मान्यतेपूर्वीच्या दोन मोठ्या चाचण्यांत अनुक्रमे ४४ आणि ५६ टक्के रोग्यांच्या पापण्या कोंड्यापासून जवळजवळ मुक्त झाल्या; नुसते बिनऔषधी थेंब घालणाऱ्यांत हे प्रमाण ७ आणि १३ टक्क्यांच्या आसपास होते. हे यश मोठे आहे, पण ते निम्म्याचे यश आहे. आणि किंमत? अमेरिकेत एका उपचारक्रमाची छापील किंमत हजार डॉलरांच्या वर आहे. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळविणाऱ्या स्त्रीपुढे हा आकडा उच्चारणेही क्रूरपणाचे ठरेल.

आयव्हरमेक्टिन हे त्या मानाने स्वस्त औषध. जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून ते निघाले आणि त्याबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच्या गोळ्या व मलम या किड्यावरही वापरले जातात आणि जाणत्या नेत्रवैद्याच्या देखरेखीखाली काही रोग्यांना त्यांचा उपयोग होतो. गोमंतकीय वाचकाला हे नाव नवे नाही. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना या गोळ्या देण्याचे जाहीर केले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर करोनासाठी हे औषध चाचण्यांबाहेर वापरू नये असे बजाविले होते. त्या प्रकरणाची आठवण आम्ही कोणाला खिजविण्यासाठी करून देत नाही. निदानाशिवाय औषध वाटणे आणि औषध असून निदान न करणे, ही एकाच अनास्थेची दोन रूपे आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे. गर्भवती स्त्रियांना व लहान मुलांना या गोळ्या देता येत नाहीत. तेव्हा त्याही गावभर वाटण्याच्या वस्तू नव्हेत.

या साऱ्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. या रोगाचे अडलेले घोडे केवळ औषधापाशी अडलेले नाही. या किड्याचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. अंडी, पिले, वाढ हे चक्र चालूच असते. म्हणून उपचार निदान सहा आठवडे न चुकता करावा लागतो आणि त्यानंतरही पापणीच्या स्वच्छतेची सवय ठेवावी लागते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासारखा वर्षातून एकदा उरकण्याचा हा विधी नव्हे. तो रोजच्या दात घासण्याच्या पंक्तीत बसला पाहिजे. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवावे लागतात, टॉवेल वेगळा ठेवावा लागतो, घराघरांतून बहिणी-जावा जी एकच काजळडबी वापरतात ती टाकून द्यावी लागते. घरातील दुसऱ्या माणसाला तोच त्रास असेल, तर त्याच्यावरही बरोबरीने उपचार करावे लागतात. हे सर्व रोग्याला कोणीतरी बसून, समजावून, हाताने करून दाखवून सांगितले पाहिजे. आमच्या आरोग्यव्यवस्थेत ज्या गोष्टीचा सर्वांत मोठा तुटवडा आहे ती हीच: चिठ्ठी लिहिल्यानंतरची पाच मिनिटे.

सीमाभागात या पाच मिनिटांच्या वाटेत आणखी एक अडसर आहे, तो भाषेचा. निपाणीच्या, खानापूरच्या किंवा बेळगाव तालुक्यातील खेड्यातली वृद्ध बाई आपले दुखणे मराठीत सांगते. 'खुपतंय', 'चुरचुरतंय', 'कुसळ गेल्यागत वाटतंय' या तीन शब्दांत तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि नेत्रवैद्याला त्यांतील भेद कळला, तर अर्धे निदान तेथेच होते. सरकारी दवाखान्यातील फलक कन्नडमध्ये, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, आणि ऐकणारी मराठी, अशी तिहेरी गाठ पडली म्हणजे सहा आठवड्यांचा उपचार सहा दिवसांत सुटतो. कन्नड ही त्या राज्याची भाषा आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. आणि त्या भागात मराठी समजणारे, आपुलकीने वागणारे कन्नडभाषक वैद्यही आहेत, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. परंतु जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्व केंद्राने कधीच मान्य केलेले आहे. आरोग्याच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना दुसरी कोणती? पापणी कशी पुसावी हे मराठीत छापल्याने कोणत्याही राज्याची एक इंचही भूमी इकडची तिकडे होणार नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचे ठरविले आणि त्यावरून दोन्ही राज्यांत खडाजंगी झाली. कर्नाटकाने त्यास आक्षेप घेतला. महाराष्ट्राने त्यास आपले कर्तव्य म्हटले. आमचे म्हणणे वेगळेच आहे. ही योजना काय, किंवा केंद्राची आयुष्मान भारत योजना काय, त्यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आणि शस्त्रक्रियांवर आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हिशेबात बसते. पापणीचा शेक, स्वच्छतेचे साहित्य, तीन वेळा करावयाची फेरतपासणी आणि त्यासाठी बुडालेला रोज कोणत्याच हिशेबात बसत नाही. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूच्या बाबतीत मोठे काम केले; तथापि ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची, त्याची पापणी निरोगी असणे किती अगत्याचे आहे, हे शस्त्रक्रिया करणारे सर्व जण जाणतात. पापणीची सूज तशीच राहिली, तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि डोळ्याचे मोजमापही चुकू शकते. पाया ओला असताना भिंत बांधण्यासारखेच ते आहे. त्याच १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि विड्यांवरील उपकरातून कामगारांच्या दवाखान्यांची तजवीज झाली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, उपकर गेला, आणि कामगारांच्या हक्काचा तो पैसा सर्वसाधारण अंदाजपत्रकाच्या मर्जीवर येऊन पडला. निपाणीसारख्या गावाने या बदलाचा जाब विचारावयास हवा.

देशापुढे क्षय आहे, कर्करोग आहे, मधुमेह आहे. पापणीच्या किड्याचे कौतुक कशाला, असा आक्षेप येईल. तंबाखूच्या मुलखात तर तोंडाच्या कर्करोगाची चिंता आधी करावी, असे म्हणणाऱ्याशी आमचे भांडण नाही. परंतु आरोग्यव्यवस्थेची खरी परीक्षा मोठ्या रोगांत होत नाही. त्यांच्यासाठी निधी असतो, मोहीम असते, उद्‌घाटने असतात. जो रोग मारीत नाही, ज्याची आकडेवारी कोणी मागत नाही, जो केवळ माणसाला रोज थोडे थोडे छळतो, त्याच्याकडे व्यवस्था कशी पाहते यावरून तिची माणुसकी कळते. डोळे चोळीत चोळीत हजार विड्या वळणारीची गती मंदावते आणि गती मंदावली की मजुरी घटते. पाने कापणारी कात्री आणि सूत बांधणारी बोटे यांना डोळ्यांचीच साथ लागते. तिच्यापुरता हा रोग पोटाचाच रोग आहे.

चिकाटीने काय साधते याचे उदाहरण याच देशात आहे. खुपऱ्यांनी एके काळी भारतातील लक्षावधी लोकांना आंधळे केले. त्यावर कोणतेही चमत्काराचे औषध आले नाही. वेळीच शस्त्रक्रिया, योग्य प्रतिजैविक, तोंड धुण्याची सवय आणि परिसराची स्वच्छता या चार साध्या गोष्टी दशकानुदशके गावोगाव केल्या गेल्या. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. डेमोडेक्सचे असे उच्चाटन होणार नाही, तशी आवश्यकताही नाही. तो मनुष्याचा जुना सोबती आहे. त्याला मर्यादेत ठेवणे एवढेच साधावयाचे आहे. पण मार्ग तोच आहे: पाणी, स्वच्छता, शिकवण आणि सातत्य.

म्हणून आमच्या सूचना मोजक्या व आवाक्यातल्या आहेत. एक, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नेत्रचिकित्सा साहाय्यकांना आणि आशा सेविकांना ही पापणी ओळखावयास शिकवावे. जुनाट लाल डोळ्याच्या प्रत्येक रोग्याला 'खाली पाहा' एवढे दोन शब्द म्हटले जावेत. दोन, बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी वैद्यकीय संस्था आहे. त्यांनी निपाणीच्या वखारींत आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत पापण्यांची पद्धतशीर पाहणी करावी. धुळीचा वाटा किती व किड्याचा किती, हे तर्काने ठरविण्याचे काम नव्हे. तीन, स्टेरॉइडमिश्रित थेंबांची चिठ्ठीवाचून होणारी विक्री औषध प्रशासनाने खरोखर थांबवावी. चार, उपचाराची पत्रके मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत, चित्रांसह, एकाच कागदावर छापावीत. पाच, वखारमालकांनी हातपाय आणि तोंड धुण्यास पुरेसे स्वच्छ पाणी, धूळ बाहेर टाकणारे पंखे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मे पुरवावेत; हे दान नव्हे, देणे आहे. सहा, बाह्यरुग्ण उपचार आणि फेरतपासणी यांचा खर्च आरोग्य योजनांत धरला जावा. आणि शेवटची सूचना भारतीय औषध उद्योगाला: जगाला स्वस्त औषधे पुरविणाऱ्या या देशाने पापणीच्या औषधाची किंमत सामान्य कामगाराच्या कुवतीत आणून दाखवावी.

निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ आहे आणि बेळगाव लांब. दुखणे वाढले की तो ज्या गावाची बस आधी मिळेल तेथे जातो; कागदपत्रे मात्र सीमा ओलांडीत नाहीत, म्हणून दर वेळी उपचार पहिल्यापासून सुरू होतो. एका रोग्याचे एकच टिपण, त्याच्याच हाती, त्याला वाचता येईल अशा भाषेत राहिले, तर दोन राज्यांतील वैद्य एकमेकांचे काम पुढे नेऊ शकतील. यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

गोव्यालाही यात घेण्यासारखे आहे. चोर्ला घाट उतरून बेळगावचा भाजीपाला रोज आपल्या बाजारात येतो आणि तोच घाट चढून सत्तरी-डिचोलीचे रोगी बेळगावच्या रुग्णालयांत जातात. या दोन मुलखांचा सोयरसंबंध जुना आहे. हा किडा तर घाट, नदी, भाषा, जात काहीच पाहत नाही; तो गोमंतकातील वृद्धांच्या पापण्यांतही तितक्याच निवांतपणे राहतो. ज्यांच्या घरात कोणाचे डोळे वर्षानुवर्षे 'उष्णतेने' लाल होत असतील, त्यांनी दुकानातील बाटली बाजूला ठेवून नेत्रवैद्याकडे जावे आणि आपल्या पापणीचे मूळ तपासून घ्यावे.

सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोपर्यंत निपाणीच्या वखारीतली बाई डोळे चोळीत बसावी, असा कोणत्याही राज्याचा दावा नाही. तिच्या पापणीवरचा कोंडा ज्याला दिसेल आणि जो तिला तिच्या भाषेत, सहा आठवड्यांचा धीर देऊन, कोमट पाण्याच्या फडक्याचा उपयोग समजावील, तोच त्या मुलखावर खरी सत्ता मिळवील. उरलेल्या सत्तेचा निकाल न्यायालये करोत.